सात-बारा गहाण ठेवण्याआधी

पत्र थोडक्यात असं आहे:

“ताई, मी २८ वर्षांची. बी.एस्सी. नर्सिंग केलं, गेली चार वर्षं पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. नवरा चाकणला सीएनसी मशीनवर, मुलगी तीन वर्षांची. माहेर कराडजवळ. आम्हाला यूकेला जायचंय. एजंटने दोन वाटा सांगितल्यात. एक, एम.एस्सी. पब्लिक हेल्थला स्टुडंट व्हिसावर जा, फी १६,००० पौंड. नवरा आणि मुलगी सोबत येतील, मग दोन वर्षं वर्क परमिट, मग पीआर. दुसरी, १४ लाखांत केअर होमचं सीओएस, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला लागणारं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, काढून देतो, थेट नोकरी. धाकटा भाऊ सांगलीत बी.ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यालाही पाठवायचं तर ‘फंड मी दाखवतो, दोन टक्के द्या’ म्हणतो. मामा पैसे त्यांच्या खात्यात दाखवायला तयार आहेत. बाबांनी उसाची एक एकर गहाण ठेवायची तयारी केलीय. एजंट म्हणतो, पुढच्या आठवड्यात दोन लाख भरले नाहीत तर सीट जाईल. माझे सत्तर गुण नक्की कशात होतील? लहान बहीण समजून एकेरीच लिहा.”

तुझं पत्र वाचलं आणि रांगेतली बाकीची पत्रं बाजूला ठेवली, कारण तुझ्या पत्राला मुदत आहे. म्हणून आधी एवढंच: पुढच्या आठवड्यात कुणालाही एक रुपया देऊ नकोस आणि बाबांना कुठल्याही कागदावर सही करू देऊ नकोस. एजंटने ज्या दोन वाटा सांगितल्यात, त्या त्याने सांगितल्या तशा आज बंद आहेत. तुझी स्वतःची जी वाट आहे, तिचं नावसुद्धा त्याने काढलेलं दिसत नाही.

गुण या शब्दाने पुष्कळ घोळ होतो. आपण दहावी-बारावीच्या हिशोबाने बघतो, गणितात कमी पडले तर मराठीत भरून काढू. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची पद्धत थोडी त्या अंगाने जाते. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांचे वेगवेगळे गुण धरतात आणि ज्याचे जास्त त्याला आधी बोलावणं येतं. ब्रिटनमध्येही सुरुवातीला यातलं काही होतं. २००८ मध्ये तिथे गुणांची पद्धत आली तेव्हा पाच टियर, म्हणजे अर्जदारांचे पाच वर्ग होते. पहिल्या टियरमध्ये वय, पदवी आणि मागच्या वर्षीची कमाई यांवर गुण मिळत, नोकरी हातात नसली तरी चाले. दुसरा टियर नोकरीवाल्यांचा, चौथा विद्यार्थ्यांचा, पाचवा तात्पुरत्या कामांचा. तिसरा कमी कौशल्याच्या कामगारांसाठी ठेवला होता, तो कधी उघडलाच नाही. २०२० च्या अखेरीस हे सगळं मोडून नवी मांडणी झाली. तुझा एजंट बोलता बोलता अजून ‘टियर फोर’, ‘टियर टू’ म्हणत असेल, तर त्याची माहिती किती शिळी आहे ते तिथेच कळतं.

आताच्या मांडणीत नोकरीच्या व्हिसाला ७० गुण लागतात. मान्यताप्राप्त मालकाची स्पॉन्सरशिप २०, काम ठरलेल्या दर्जाचं असणं २०, इंग्रजी १०. हे पन्नास सक्तीचे. उरलेले २० पगाराचे, आणि सूट किंवा सवलत मिळते ती फक्त या वीसमध्ये. विद्यार्थ्यालाही ७० च लागतात: विद्यापीठाच्या कॅसचे, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याच्या नोंदीचे ५०, पैशांचे १०, इंग्रजीचे १०. इथे पासष्ट गुणांवर काठावर पास होण्याची सोय नाही. प्रत्येक खण भरलेला हवा. एक रिकामा राहिला की अर्ज फेटाळला जातो आणि फी जाते. म्हणून ‘गुण कसे वाढवायचे’ या प्रश्नात अडकू नकोस. आपण कोण आहोत आणि कोणत्या खिडकीसमोर उभं राहायचं, हे बघ.

आता त्याची पहिली वाट. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, संशोधनाच्या नसलेल्या मास्टर्स अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांना नवरा, बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. संशोधनाच्या पदवीला, म्हणजे पीएच.डी.सारख्या शिक्षणाला, ती मुभा राहिली आहे. तेव्हा एम.एस्सी. पब्लिक हेल्थला गेलीस तर तू एकटी जाशील. तीन वर्षांची पोर आजीकडे राहील आणि तू आठवड्याला २० तास, तेवढीच परवानगी असते, कुठल्यातरी दुकानात नाहीतर गोदामात उभी राहशील. परिचारिका म्हणून तुला तिथे पेशंटला हातही लावता येणार नाही, कारण पब्लिक हेल्थची पदवी ब्रिटिश नर्सिंग कौन्सिलची नोंदणी देत नाही. पूर्वी मुलं कोर्स अर्धा टाकून नोकरीच्या व्हिसावर उडी मारत. जुलै २०२३ पासून कोर्स पूर्ण झाल्याशिवाय ते करता येत नाही.

‘दोन वर्षांचं वर्क परमिट’ म्हणजे ग्रॅज्युएट व्हिसा. १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळेल, पीएच.डी.वाल्यांना मात्र तीन वर्षं कायम आहेत. तू आता प्रवेश घेतलास तर पदवी हातात येईपर्यंत २०२७ उजाडलेलं असेल, म्हणजे तुला दीडच वर्ष. त्यानंतर पुन्हा स्पॉन्सर शोधायचा. आणि पीआर? नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षांनी कायमचं राहायला मिळे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ती मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षं करण्याचा इरादा मांडला आहे. जिथे सरकारच नियम हलवतंय, तिथे पीआरची हमी देणारा हा कोण?

खर्चही मांडून बघ. पौंड १२० रुपये धरला तर फीच १९ लाख २० हजार. लंडनबाहेर राहण्याखाण्यासाठी महिना १,१७१ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे साडेबारा लाखांच्या वर. वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, त्याचा आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, १,१६४ पौंड. व्हिसा फी, विमान, थंडीचे कपडे वेगळेच. तेहतीस लाखांच्या पुढे जातं हे. आणि विद्यापीठं एजंटला प्रवेशामागे कमिशन देतात, हे तुला कुणी सांगितलेलं नसेल. तो नर्सला पब्लिक हेल्थकडे का ढकलतो, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

दुसऱ्या वाटेबद्दल लिहिताना हात जड होतो. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर आणि सीनिअर केअर वर्कर या कामांसाठी परदेशातून नवी भरती बंद झाली आहे. जे आधीपासून तिथे आहेत त्यांच्यासाठी काही काळ व्हिसा बदलायची सोय ठेवली आहे, पुण्यात बसलेल्या माणसासाठी नाही. म्हणजे १४ लाखांत तो जी वस्तू विकतोय, ती अस्तित्वातच नाही. त्याने व्हॉट्सअॅपवर नमुना म्हणून रंगीत, शिक्का मारलेलं सर्टिफिकेट पाठवलं असेल, तर हेही ऐक: सीओएस नावाला सर्टिफिकेट आहे, प्रत्यक्षात ती होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या संगणकातली नोंद असते आणि तिला एक क्रमांक असतो. त्याची विक्री होत नाही. नोकरीच्या व्हिसावर घेतलेल्या माणसाकडून सीओएसची फी वसूल करायला मालकाला बंदी आहे, आणि स्किल्स चार्ज नावाचा जो कर मालकाला भरावा लागतो, तोही कामगाराच्या माथी मारता येत नाही. नोकरी देणारा जिथे पैसे मागू शकत नाही, तिथे मधला माणूस १४ लाख कशाचे मागतो?

यात किती लोक पोळले त्याचा अंदाज हवा म्हणून सांगते. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारने केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त कंपन्यांचे स्पॉन्सर परवाने रद्द केले. त्या कंपन्यांशी जोडलेले कामगार ३९,००० च्या वर होते. परवाना गेला की कामगाराचा व्हिसा आखडतो आणि नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस उरतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी गावाकडे जमीन विकून, दागिने मोडून पैसे भरले होते. पोहोचल्यावर कळलं की कंपनीकडे कामच नाही.

ते ६० दिवस कसे असतात हे मी अंगावर घेतलेलं आहे. मी टियर फोरवर लंडनला शिकायला गेले होते. पूर्व लंडनमध्ये एका मोबाईलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं कॉलेज. एका सकाळी जिना चढून वर गेले तर दाराच्या काचेला आतून कागद चिकटवलेला. वाचायला पुढे गेले तर श्वासाने काच धूसर झाली, बाहीने पुसून पुन्हा वाचलं. परवाना रद्द. आम्ही चौदा-पंधरा जण त्या जिन्यावर बसून होतो, कुणी काही बोलत नव्हतं. एक मुलगा डबा उघडून पोळीचे तुकडे करत होता, खात नव्हता. माझ्या बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे त्या कॉलेजात गेले ते गेले. दुसरीकडे प्रवेश मिळाला, पुन्हा फी भरली, ती फेडायला चार वर्षं लागली. मला प्रवेश मिळवून देणाऱ्या माणसाने त्या दिवसानंतर माझा फोन उचलला नाही. पुण्याला परतल्यावर मी हे सल्ला देण्याचं काम धरलं, त्याला कारण तो जिना आहे.

आता तुझ्याकडे येते.

तू परिचारिका आहेस. चार वर्षांचा आयसीयूचा अनुभव आहे. ब्रिटनमध्ये तुझ्यासाठी हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा आहे. तो नोकरीच्या व्हिसाचाच प्रकार, पण सवलतीचा. जुलै २०२५ मध्ये कामाचा दर्जा पदवीच्या पातळीपर्यंत चढवला तेव्हा पुष्कळ कामं यादीतून गळली, नर्सिंग टिकून राहिलं. म्हणजे दर्जाचे २० तुझे. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयाने घेतलं की स्पॉन्सरचे २०. नर्सिंग कौन्सिलसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते आणि तीच व्हिसालाही चालते, हे १०. राहिले पगाराचे २०. यूट्यूबवर ४१,७०० पौंडांचा आकडा बघून तुझ्या मैत्रिणी घाबरल्या असतील. तो सर्वसाधारण स्किल्ड वर्करचा आहे. परिचारिकेचा पगार एनएचएसच्या राष्ट्रीय वेतनश्रेणीवर मोजतात. नोंदणी झालेल्या नर्सची सुरुवात बँड ५ मध्ये होते, २०२५-२६ ला ती वर्षाला ३१,०४९ पौंड होती. झाले सत्तर. गहाणखत न करता.

या व्हिसावर नवरा आणि मुलगी सोबत येऊ शकतात. पदवीच्या दर्जाच्या कामाला ती मुभा कायम आहे. केअर वर्करना ती मार्च २०२४ पासून नाही. नवऱ्याला तिथे कामासाठी वेगळा स्पॉन्सर लागत नाही, सीएनसीच्या कारखान्यात सरळ अर्ज करू शकतो. शिवाय या व्हिसावर आरोग्य अधिभार माफ आहे, तुलाही आणि त्या दोघांनाही. एरवी मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पडतात. तुम्हा तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड झाले असते, आपल्याकडचे दहा लाख.

पण ही वाट मोकळी पडलेली आहे असं मी म्हणणार नाही. कोविडनंतरच्या दोन-तीन वर्षांत एनएचएसने भारतातून आणि फिलिपीन्समधून धडाधड नर्सेस नेल्या. आता ती भरती खूप आटली आहे. ट्रस्टच्या, म्हणजे एनएचएसची रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांच्या हातात पैसे कमी आहेत आणि तिथल्या कॉलेजांतून नुकत्याच पास झालेल्या मुलींनाही जागा मिळायला वेळ लागतोय. तुला कदाचित वर्ष, दीड वर्ष थांबावं लागेल. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस असा खास विभागाचा अनुभव असलेल्यांना त्यातल्या त्यात बरी संधी असते. तेव्हा हॉस्पिटल सोडू नकोस. नोकरी करत करत तयारी कर. तयारीला लागतात ते पैसे हजारांत आहेत, लाखांत नाहीत.

सुरुवात इंग्रजीपासून कर. आयईएलटीएस अॅकॅडमिक दिलीस तर ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिलीस तर तिन्हींत बी आणि लिहिण्यात सी प्लस. मी तुला ओईटी सुचवेन. तिच्यात पेशंटचं डिस्चार्जचं पत्र लिहायचं असतं, नर्स आणि पेशंटचं बोलणं असतं, म्हणजे तू रोज करतेस तेच. आयईएलटीएसमध्ये शहरीकरणावर निबंध लिहिताना आपल्या चांगल्या चांगल्या सिस्टर अर्ध्या गुणासाठी तीन-तीनदा अडकलेल्या मी बघितल्या आहेत. मराठी माध्यमातून शिकल्याचं दडपण घेऊ नकोस, तुझं पत्रच सांगतं की तुला मुद्द्याचं लिहिता येतं.

मग नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे अर्ज. तिथे पहिली परीक्षा सीबीटी, ती भारतातल्या केंद्रावर संगणकावर देता येते. एक भाग औषधांच्या हिशोबाचा, दुसरा नर्सिंगच्या प्रश्नांचा, मिळून फी ८३ पौंड. हिशोबाच्या भागाला कमी लेखू नकोस. वॉर्डात आपण ड्रिपचा वेग पंपावर लावतो, कागदावर मांडायची सवय मोडलेली असते. दुसरी परीक्षा ऑस्की, ती ब्रिटनमध्येच होते. दहा टप्पे, प्रत्येकात एक पेशंट नाहीतर एक काम, आणि समोर परीक्षक. फी ८०० पौंडांच्या आसपास, एनएचएस ट्रस्ट बहुतेक ती स्वतः भरतात आणि तयारीही करून घेतात. नोकरी सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत पहिल्यांदा बसावं लागतं, आठ महिन्यांत नोंदणी पदरात पडावी लागते आणि संधी तीन. तोवर तुझा पगार खालच्या बँडचा राहील हे धरून चाल. नोंदणीसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधली तुझी नोंदणी चालू असायला हवी. नूतनीकरण झालंय का ते या आठवड्यातच बघ, ऐन वेळी मुलींची तिथेच धावपळ होते.

नोकरी शोधायची ती एनएचएसच्या जागांच्या संकेतस्थळावर, किंवा नीतिनियम पाळणाऱ्या भरती संस्थांची जी अधिकृत यादी ब्रिटनमध्ये जाहीर होते तिच्यातल्या संस्थेकडून. या यादीतल्या संस्थांना उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायची मनाई आहे, त्यांचा मेहनताना रुग्णालय देतं. आपल्याकडेही परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्यालासुद्धा सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर परवानाधारकांची यादी आहे. तुझ्या एजंटचं नाव तिथे शोध. मालकाचं नावही ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या स्पॉन्सरांच्या यादीत शोधता येतं, फुकट, घरबसल्या. मात्र नाव यादीत आहे म्हणजे कंपनी धड आहे असं समजू नकोस. माझ्या त्या कॉलेजचंही नाव यादीत होतं. करारात ‘अमुक महिन्यांआधी सोडलं तर इतके पैसे परत’ असं कलम असतं, ते आकड्यासकट वाच आणि मगच सही कर.

व्हिसाचा अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा ईमेल आणि मोबाईल नंबर तुझाच दे. व्हिसा आता कागदावर नसतो, ऑनलाइन खात्यात असतो. एजंटच्या ईमेलवर खातं उघडलं गेलं तर तुझ्या व्हिसाची किल्ली त्याच्या खिशात राहते. पुढे कुणी पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागितला, तर तोही द्यायचा नाही.

भावाचं थोडक्यात लिहिते, कारण त्याच्याकडे वेळ आहे. त्याला स्टुडंट व्हिसाच योग्य, घाई मात्र नको. मामांच्या खात्यातले पैसे चालणार नाहीत. खातं त्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं हवं. बाबांच्या खात्यावर दाखवायचे असतील तर जन्मदाखला आणि बाबांचं संमतीपत्र लागतं. मामांना खरंच मदत करायची असेल तर रक्कम बाबांच्या खात्यावर घ्या आणि तिथे सलग २८ दिवस ती एका पैशानेही कमी होऊ देऊ नका. एक दिवस शिल्लक खाली गेली तरी ते दहा गुण गेले. कराड-सांगलीकडे घरटी पतसंस्थेत ठेव असते. ती धरून चालू नका, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँकेत पैसे आणा. पीएफ आणि शेअर्सही मोजत नाहीत. बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं तर त्याचं पत्र चालतं, त्याला २८ दिवसांची अट नाही, आणि मला तीच वाट बरी वाटते.

‘फंड दाखवतो’ म्हणणाऱ्यापासून त्याला दहा हात लांब ठेव. खोटं स्टेटमेंट जोडल्याचं उघड झालं तर दहा वर्षं ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही. शिक्षा त्या पोराला होते, एजंटला नाही. शिवाय हाच कोर्स का, हेच विद्यापीठ का, पैसे कोणाचे, हे मुलाखतीत त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागू शकतं.

शिकून झाल्यावर त्यालाही ग्रॅज्युएट व्हिसा दीडच वर्षाचा. त्या मुदतीत पदवीच्या दर्जाची नोकरी मिळाली आणि नवख्यांसाठी ठेवलेला किमान ३३,४०० पौंडांचा पगार असला, तर पुढचा व्हिसा. मेकॅनिकल इंजिनिअरला हे जमतं, पण पहिल्या सत्रापासून अर्ज टाकायला लागलेल्यांना. कोर्स निवडताना वर्षभराचं औद्योगिक प्रशिक्षण जोडलेला निवडता आला तर बघा. आणि बी.ई. झाल्यावर त्याने यंग प्रोफेशनल्स स्कीमच्या सोडतीत नाव जरूर घालावं. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षांचा व्हिसा, स्पॉन्सर लागत नाही, खात्यात २,५३० पौंड दाखवायचे. सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. ती मोजक्या दिवसांसाठीच उघडते, तेव्हा त्याने लक्ष ठेवावं. नशिबाचा भाग आहे, पण लागली तर कर्ज न काढता तिथलं काम आणि माणसं बघून येईल, मग ठरवेल शिकायचं की नाही.

हे नियम वर्षातून दोनदा तरी बदलतात. अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर जे लिहिलेलं असेल तेच खरं, माझा लेखसुद्धा त्यापुढे जुना. तिथे पोहोचल्यावर कुणी व्हिसाचा सल्ला द्यायला आला तर तो वकील आहे का, किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे त्याची नोंद आहे का, ते विचार.

बाबांशी तूच बोल, आणि फोनवर बोलू नकोस. रविवारी कराडला जा. त्यांना वाटत असेल की लेकीसाठी आपण एवढं तरी करायला हवं, आणि जमीन नको म्हटलं की त्यांना स्वतःचं देणं नाकारल्यासारखं वाटेल. त्यांना मागायचंच असेल तर हे माग: ओईटीचा क्लास आणि परीक्षा, सीबीटीची फी, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी नातीला सांभाळायला आई पुण्यात. सात-बारा कपाटात राहू दे. एजंटला मेसेज टाक की नवरा-मुलगी सोबत येतील हे आणि सीओएसचे १४ लाख कशाचे हे लेखी द्या. तो काय उत्तर देतो, किंवा देतच नाही, ते मला कळव.